कवयित्रीला खांदा देताना

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लागला होता. हौशी नाटकासाठी सहा पुरुष हवेत, अभिनय येण्याची अट नाही, वजन उचलता आलं पाहिजे. आजवर इतक्या नेमक्या शब्दांत माझ्या पात्रतेची जाहिरात कुणी केली नव्हती. मी तिथल्या तिथे फोन लावला.

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये राहायला आलो तेव्हा बायकोला बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात नोकरी होती आणि मला बायको होती. ती सकाळी गाडी पकडायची, लेक शाळेत जायची, आणि मी पोळ्या लाटायचो. पुढे त्याच पोळ्यांचे डबे करून विद्यार्थ्यांना द्यायला लागलो, त्यामुळे व्यवसाय म्हणून सांगायला काहीतरी झालं. पण दिवसभर बोलायला माणूस नाही. डबा न्यायला येणारी पोरं कानांत काहीतरी खुपसून येतात आणि "थँक्यू काका" म्हणून जातात. बायको म्हणायचीच, "तू घराबाहेर पड रे. भिंतींशी बोलायला लागशील." मी भिंतींशी बोलत नव्हतो. कुकरशी बोलत होतो, पण ते तिला सांगितलं नव्हतं.

फोनवर दिग्दर्शिका बाईंनी विचारलं, "रंगमंचाचा काही अनुभव?"

मी म्हटलं, "पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका केल्यात." हे खोटं नाही. पडदा ओढायला माणूस लागतोच.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, काटकुळ्या, चष्मा हातात धरून त्याने हुकूम सोडणाऱ्या. नाटक त्यांनीच लिहिलेलं. विषय एक अमेरिकन कवयित्री, एकोणिसाव्या शतकातली. तरुणपण सरल्यावर तिने हळूहळू घराबाहेर पडणंच सोडलं. वडिलांचं मोठं घर, मोठी बाग, वरच्या मजल्यावर तिची खोली. पाहुणे आले की ही खाली यायची नाही. दार किलकिलं करून आतून बोलायची, नाहीतर कुणी खाली पियानो वाजवत असलं की वर जिन्यात बसून ऐकायची. शेकडो कविता लिहिल्या, त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जिवंतपणी छापून आल्या. बाकीच्या ती गेल्यावर बहिणीला सापडल्या.

बाईंना रस होता तो वेगळ्याच गोष्टीत. त्या घरात स्वयंपाकपाण्याला आयर्लंडमधून गेलेली एक बाई होती, आणि बागेत, गोठ्यात राबणारे मजूरही आयरिश होते. गावातल्या प्रतिष्ठितांनी नाही, तर या सहा मजुरांनी आपली शवपेटी न्यावी, असं कवयित्री सांगून गेली होती. पेटी न्यायची तीही मागच्या दाराने, बागेतून, धान्याच्या कोठारातून आरपार, मग शेतांतून. बाईंचं नाटक या मजुरांच्या नि मोलकरणीच्या नजरेतून होतं. कवयित्री स्टेजवर दिसतच नाही. वरून नुसता आवाज येतो. शेवटी पेटी येते आणि सहा जण ती स्टेजच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतात. कुणी काही बोलत नाही. संपलं.

तालमीला पोचलो तर सहा आयरिश मजुरांपैकी दोघे आयरिश होते, त्यातला एक बसड्रायव्हर. बाकी एक पोलिश इलेक्ट्रिशियन, एक ब्राझीलचा, एक नायजेरियाचा आणि मी. बाईंनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. "टोप्या पुढे ओढा, हनुवट्या खाली, आणि जमेल तितकी प्रेक्षकांकडे पाठ करा."

इथल्या हौशी मंडळांचा एक रिवाज आहे. गावोगावच्या नाट्यमहोत्सवांत प्रयोग करायचे, प्रत्येक ठिकाणी परीक्षक गुण देतो, त्यांची बेरीज होते, आणि त्यावर फायनलला कोण जाणार ते ठरतं. आमचे दोनच प्रयोग लागले होते. पहिला आमच्याच हॉलमध्ये, दुसरा मलिंगारला. बाईंनी आजवर बरीच नाटकं केली होती आणि फायनल एकदाही पाहिली नव्हती. पहिल्याच तालमीला त्यांनी जाहीर केलं, "यंदा नाही गेलो तर मंडळ बंद. मी कुत्रा पाळणार आणि समुद्रावर फिरायला जाणार."

सगळे हसले. माझ्या शेजारी उभा असलेला बसड्रायव्हर पुटपुटला, "हसू नकोस. कुत्रा बघून ठेवलाय तिने."

मी खरंच हसलो नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मला कुणीतरी नावाने हाक मारत होतं, मधल्या सुट्टीत माझ्या हातात चहाचा मग देत होतं आणि हवामानाबद्दल माझं मत विचारत होतं. मंडळ बंद झालं तर मी पुन्हा कुकरकडे.

त्याच सुमारास आई आली. तीन महिन्यांसाठी, कऱ्हाडकडच्या आमच्या गावाहून, लोणच्याच्या बरण्यांसकट. मी कुठे जातो हे तिला सांगणं भाग होतं.

"कोण हाय म्हनं ही बाई?" तिने विचारलं.

"कवयित्री होती. अमेरिकेतली. खूप वर्षांपूर्वीची."

"काय झाल्तं तिला?"

"काही नाही. घराबाहेर पडायची नाही."

"आजारी व्हती?"

"तसं नाही. लिहायची."

"मग लिवायला घरातच बसाय लागतं की. रस्त्यावर बसून कोन लिवतंय?"

मी म्हटलं, "पांढरे कपडे घालायची कायम."

आईचा चेहरा पडला. "नवरा लवकर गेला व्हय गं बाई."

"लग्नच नव्हतं केलं."

"मग पांढरं कशापायी? धुवायला कोन व्हतं?"

"मोलकरीण होती. आयर्लंडची."

"म्हंजी पांढरं नेसनारी येक आन् धुनारी दुसरीच." आईने निकाल दिला. मग मी तिला सांगितलं, की ही बाई आल्याचा केक भाजायची, आणि टोपलीला दोरी बांधून खिडकीतून खाली खेळणाऱ्या पोरांना तो सोडायची. तेव्हा आई जरा विरघळली. "लेकरांस्नी खायाला द्यायची? मग बरी व्हती. न्हाई खाली आली तर न्हाई. टोपली तर येत व्हती."

पण शवपेटीचं कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "खोट्या मढ्याला खांदा? आरं, कुनाचं बघून करतोस ही थेरं?" बराच विचार करून तिने तोडगा काढला. आत कुणी नाही, तर चालेल. पण घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

त्यामुळे तालमीहून आलो की आई दारातच टॉवेल घेऊन उभी. मी भिंतीला न शिवता जिना चढायचो आणि टाकीतलं सगळं गरम पाणी अंगावर घ्यायचो. ऑफिसातून थकून आलेली बायको नळाखाली हात धरून म्हणायची, "गेली का आज पण ती? रोज मरते ही बाई आणि थंड पाण्याने मी अंघोळ करते."

तालमीत आमच्याकडे पेटी नव्हती. एक जुनं दार होतं, ते खांद्यावर घेऊन आम्ही इकडून तिकडे चालायचो. उंचीप्रमाणे जागा ठरल्या. उंच माणसं पुढे, म्हणून बसड्रायव्हर पुढे. मी मध्यम, पण मला जरा मिरवता यावं म्हणून मीही पुढेच हट्ट करून घुसलो, बुटात जाड सोल घालून. मधे इलेक्ट्रिशियन आणि नायजेरियाचा, मागे बुटके. दार हलकं होतं. आम्ही ते इतकं गंभीरपणे न्यायचो, की एकदा हॉल झाडणाऱ्या माणसाने झाडू थांबवून छातीवर क्रूसाची खूण केली. बाईंनी आनंदाने चष्मा हलवला.

खरी पेटी आली ती प्रयोगाच्या दिवशी. सुताराने पांढरी रंगवून दिलेली. रिकामी पेटी खांद्यावर नाचते, वजन खोटं वाटतं, म्हणून बाईंनी आत बागेच्या मातीची पोती भरली.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत आई, शालू नेसून, वरून माझं जाड जॅकेट. तिच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक. हॉलच्या मधोमध परीक्षकांचं छोटं टेबल, त्यावर छोटा दिवा. नाटक छान चाललं. मोलकरीण झालेली पोरगी सुरेख बोलली, वरून येणाऱ्या आवाजाला लोक मान वर करून ऐकत होते. मग दिवे मंद झाले, आम्ही टोप्या ओढल्या आणि पेटी खांद्यावर घेतली.

तिथेच घोटाळा झाला. दार हलकं होतं तोवर मी नट होतो. पेटीचं वजन खांद्याच्या हाडावर बसलं आणि मी गावाकडचा माणूस झालो. वडिलांना मी असंच नेलं होतं, चुलत्यांना नेलं होतं. आमच्याकडे अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तिथे तिरडी क्षणभर खाली टेकवायची, पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात, आणि मग पुन्हा उचलायची. हे कुणी शिकवत नाही. खांद्याखाली वजन असलं आणि अर्धी वाट सरली, की पाय आपोआप थांबतात.

स्टेजच्या बरोब्बर मध्यावर माझे पाय थांबले. मी गुडघे वाकवले आणि स्पष्ट मराठीत म्हणालो, "टेका."

पेटीचा एक कोपरा खाली जायला लागल्यावर बाकीच्या पाच जणांना दुसरा पर्याय उरत नाही. पेटी टेकली. मी वळून मागच्या टोकाला चालू लागलो.

बसड्रायव्हर ओठ न हलवता म्हणाला, "देवाशपथ सांग, काय चाललंय तुझं?"

"बदली," मी कुजबुजलो.

आता इथेही अंत्ययात्रेत वाटेत खांदे बदलतात. त्यामुळे त्या भल्या माणसाला ते एकदम पटलं. त्याने मान डोलावली आणि तोही मागे गेला. दुसरा आयरिश गडी निमूट पुढे आला. त्यांना बघून ब्राझील हललं. पोलंड आणि नायजेरिया मधल्या जागी होते, त्यांनी उगीच एकमेकांशी बाजू बदलली. पेटी उचलली तेव्हा बुटके पुढे होते आणि उंच मागे. पेटीने पुढे मान टाकली, आतली पोती सरकली, आणि कवयित्री आतून "धप्प" म्हणाली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कारण त्याच क्षणी पहिल्या रांगेत आई उभी राहिली. हात जोडून, डोक्यावर पदर घेऊन. मागच्या रांगेतल्या बायकांनी एक म्हातारी उभी राहिलेली पाहिली, समोर शवपेटी पाहिली, आणि त्याही उठल्या. त्यांच्या मागचे उठले. खुर्च्या सरकल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काहींनी टोप्या काढल्या, काहींनी क्रूसाची खूण केली. आम्ही त्या गर्दीसमोरून तिरकी पेटी घेऊन बाहेर पडलो. विंगेत बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी हातातला चष्मा मिटून खिशात ठेवला, यावरून आपण काय केलं ते मी ओळखलं.

इथे प्रयोग संपला की परीक्षक लगेच स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर मत सांगतात. हे गृहस्थ फार सौम्य होते. मोलकरणीचं कौतुक केलं, वरच्या आवाजाचं केलं. मग म्हणाले, "शेवटच्या प्रवेशाबद्दल मी काही सांगू शकत नाही. माझ्यासमोर एका मोठ्या हिरव्या कोटाची पाठ होती. नंतर एक 'धप्प' ऐकू आलं. न पाहिलेल्या गोष्टीला मला गुण देता येत नाहीत."

हिरव्या कोटाच्या बाई पहिल्या रांगेमागून मोठ्याने "सॉरी!" म्हणाल्या.

आम्ही बरेच मागे पडलो. म्हणजे आता मलिंगारला चांगलाच निकाल लागला तर फायनल, नाहीतर कुत्रा.

घरी आई आंघोळीला पाठवायला विसरली नाही. मी चिडून विचारलं, "उठलीस कशाला?"

"मग बसून ऱ्हायाचं? समोरनं मयत चाललंय!"

"खोटं होतं ते, आई."

"ठावं हाय मला खोटं हाय. मग तू कशाला टेकवलंस?"

मी तिच्या हातातला टॉवेल घेतला. आंघोळीला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या खिडकीतून पाहिलं तर दिग्दर्शिका बाईंची गाडी आमच्या दारात थांबत होती. मी जिन्यातून खाली ओरडलो, "आई, मी घरात नाही म्हणून सांग!"

"कंच्या भाषेत?" आई म्हणाली.

भाषेचा प्रश्न लेकीने सोडवला. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इथलं इंग्रजी, तेही पक्क्या ओंगारी सुरात. तिने दार उघडून बाईंना प्रसन्नपणे सांगितलं, "डॅड्स अपस्टेअर्स. ही'ज हायडिंग, लाइक."

मी वरच्या पायरीवर बसून राहिलो. त्या कवयित्रीबद्दल वाचताना मला कायम वाटायचं, की लोक खाली असताना वर बसून ऐकण्यात असं काय सुख असेल? सुख वगैरे काही नसतं. पायरी गार असते आणि सगळं ऐकू येतं.

खाली आईने आल्याचा चहा टाकला, शंकरपाळ्यांचा डबा उघडला. बराच वेळ नुसता खाण्याचा आवाज. मग बाई लेकीला म्हणाल्या, "तुझ्या आजीला सांग, मी वाईट बातमी घेऊन आलेय. मलिंगारला तिचा मुलगा पेटी उचलणार नाही. माझ्या मेव्हण्याला घेतलंय. त्याची उंचीही बरोबर आहे."

लेक आजीला म्हणाली, "आजी, डॅड इज फायर्ड." एवढं इंग्रजी आईला कळलं असावं, किंवा सूर कळला असेल.

"बरं झालं," आई म्हणाली. "मी म्हनतच व्हते. पुढं उंच मानूस पायजे. ह्यो जाड बूट घालून किती उंच व्हनार?"

लेकीने हे भाषांतर जसंच्या तसं केलं. बाईंना ठसका लागला. मला वर बसल्या जागी खाली जाऊन डबा हिसकावून घ्यावासा वाटला.

मग आईने विचारायला लावलं, की विसाव्याचं तुम्हाला कळलं का? लेकीला तो शब्द माहीत नव्हता. आईने टेबलावर चमचा ठेवून, तो उचलून, मधे टेकवून, फिरवून दाखवला, हे लेकीने मला नंतर सांगितलं. "अच्छा," बाई म्हणाल्या. "असं होतं तर ते." मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण माझ्या नाटकात नाही. ते मजूर इथल्या टिपररी-बिपररीचे होते, ते थांबले नाहीत. आणि मला फायनलला जायचंय."

"जावा की," आई म्हणाली. "मी येऊ का बघाय?"

लेकीने भाषांतर केलं. बाई आईला नाही म्हणणार, असं मला वाटलं. चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"येऊ दे. पण उठायचं नाही. काही झालं तरी उठायचं नाही. ती उठली की मलिंगार उठेल." मग त्यांनी आवाज चढवला, सरळ जिन्याच्या दिशेने. "आणि तो जिन्यात बसलाय ना, तो तिच्या शेजारी बसून तिला धरून ठेवेल. कळलं का रे?"

मी वरून म्हटलं, "ग्रँड."

माझ्या नाट्यकारकिर्दीत पडदा ओढण्यानंतर मिळालेली ही दुसरी भूमिका.

मलिंगारला हॉल मोठा होता. मी आईच्या डाव्या बाजूला बसलो आणि तिच्या जॅकेटची बाही मुठीत घट्ट धरली. वाटेत तिला दहा वेळा बजावलं होतं. ती म्हणाली होती, "कळलं रं. म्हातारी झाले, खुळी न्हाई झाले." मागे वळून पाहिलं तर परीक्षकांचं टेबल आमच्या सरळ रेषेत.

नाटक पुन्हा छान झालं. वरच्या आवाजाला लोकांनी पुन्हा माना वर केल्या. मग दिवे मंद झाले. मेव्हणे पुढे होते, माझ्या जागी, साध्या बुटांत, पुरेसे उंच. पेटी उचलली गेली. आत पोती आता दोरीने बांधली होती. ते सहा जण निघाले, हनुवट्या खाली, एकाच चालीत, आणि मध्याकडे येऊ लागले.

मला त्यांच्या खांद्यांवरचं वजन दिसत होतं. बसड्रायव्हरच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. मध्य आला. ते थांबले नाहीत. तसेच पुढे चालले. कुणी बदली दिली नाही, कुणी क्षणभर टेकवलं नाही, आणि मला ते बघवेना. माझ्या मुठीतली बाही कधी सुटली ते कळलं नाही. मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो आणि मागे कुणाची तरी खुर्ची करकरली होती.

तेवढ्यात माझा सदरा मागून जोरात ओढला गेला.

"बस खाली," आई दातांतल्या दातांत म्हणाली. "त्या बाईंनी काय सांगिटलंय? उठायचं न्हाई."

मी बसलो. मागची खुर्चीही बसली. पेटी शांतपणे पलीकडे गेली, दार लागल्याचा आवाज आला, आणि परीक्षकांना सगळं नीट दिसलं. त्यांनी प्रकाशयोजनेवर बरीच टीका केली, पण शेवटच्या प्रवेशाचं नाव घेऊन कौतुक केलं. सरळ, काही न सजवता नेलेली पेटी, असं काहीसं ते म्हणाले. बेरीज जेमतेम झाली. आम्ही फायनलला गेलो. 'आम्ही' म्हणतोय खरा. बसड्रायव्हरनेही मला मिठी मारताना तेच म्हटलं, म्हणून मीही म्हणतो.

बाई चष्मा पुसत आमच्याकडे आल्या. आधी आईचा हात दोन्ही हातांत धरला, मग माझ्याकडे वळल्या.

"फायनलला हीच व्यवस्था," त्या म्हणाल्या. "काही बदलायचं नाही."

मी सांगितलं, की आईचं परतीचं तिकीट त्याआधीचं आहे.

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली. "मग तुला कोण धरणार?"

बायको माझ्यामागेच कोट चढवत उभी होती. "मी धरते," ती म्हणाली. "हा पेटीला न शिवता घरी आला आणि गरम पाणी मला मिळणार असेल, तर दोन्ही हातांनी धरते."